सोलापूरचा पॉली आणि विद्यापीठाची टोपी

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, शेंगाची चटणी आठवते, गिरण्यांचे भोंगे आणि १९३० चा मार्शल लॉ आठवतो. क्रिकेट आठवत नाही. आणि तरीही कसोटी सामन्यात भारतासाठी पहिलं द्विशतक काढणारा माणूस आपल्या गावचा होता. पहलन रतनजी उम्रीगर, म्हणजे सगळ्यांचा पॉली उम्रीगर. जन्म २८ मार्च १९२६. काही पुस्तकांत जन्मगाव मुंबई असं छापलेलं सापडतं, तेव्हा जन्माबद्दल मी पैज लावणार नाही. पण बालपण सोलापुरात गेलं याबद्दल दुमत नाही. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. पॉली शाळेत असतानाच घर मुंबईला हललं.

उम्रीगर यांची ५९ कसोटी सामन्यांची कारकीर्द मी आज सांगणार नाही. ती आकडेवारीच्या पुस्तकात मिळते. मला बोलायचं आहे ते एका हंगामाबद्दल, १९४८ च्या ऑक्टोबरपासून १९४९ च्या मार्चपर्यंतच्या. त्या हंगामाच्या सुरुवातीला बावीस वर्षांचा एक विद्यार्थी विद्यापीठांच्या संघाकडून खेळला आणि सात आठवड्यांत देशाच्या संघात गेला. एवढंच असतं तर ती खेळाच्या पानावरची बातमी झाली असती. पण हाच मुलगा चार वर्षांपूर्वी पहिला मोठा सामना खेळला होता तो 'पारशी' म्हणून. 'पारशी' ते 'विद्यापीठ' हा त्याचा प्रवास समजून घ्यायचा, तर थोडं मागं जावं लागेल.

मुंबईतल्या क्रिकेटची मांडणी त्या काळी धर्मावर होती. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने दरसाल होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, चौरंगी झाले. १९३७ मध्ये उरलेल्यांचा संघ आला. त्याचं नावच 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन, जे कुठल्याच खणात बसत नव्हते ते सगळे तिथे. आपल्या सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'बाकीचे'. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बाकीच्यांच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजारेंच्या ३०९ होत्या. भाऊ विवेकबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, तीत विवेकचा वाटा २१ चा. धाकट्यानं एक बाजू धरून ठेवायची आणि थोरल्यानं मारायचं, असा तो घरगुती करार होता. सामना मात्र हिंदू संघानं जिंकला.

या सामन्यांना गर्दी प्रचंड व्हायची. १९३४ साली एस्प्लनेड मैदानावरून बॉबी तल्यारखान यांनी रेडिओवर धावतं वर्णन केलं, तो सामनाही पारशी विरुद्ध मुसलमान असाच होता. म्हणजे ज्या माध्यमातून मी बोलतो आहे, त्याच्या क्रिकेटशी झालेल्या सोयरिकीची सुरुवातसुद्धा तिथलीच. खेळ वाईट होता असं कुणी म्हणू नये. उत्तम होता. आणि या एकेका संघाच्या आतसुद्धा सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. पळवणकर बाळू हा त्या काळातला हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज, पण तो चांभार समाजातला, म्हणून कर्णधारपद त्याच्यापर्यंत पोचलं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं. धर्माचा संघ एकदा केला की त्याच्या आत जातीचे संघ असतातच.

१९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची काही मंडळी वर्ध्याला गांधीजींचं मत विचारायला गेली. गांधीजींना क्रिकेटमध्ये रस नव्हता. पण त्यांनी दिलेलं उत्तर मला फार नेमकं वाटतं. कॉलेजाकॉलेजांत, संस्थासंस्थांत सामने होतात हे मी समजू शकतो. हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे मला कधी समजलेलं नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनी पर्याय सुचवला तो कॉलेजचा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. यावर खूप वादंग झालं. स्पर्धा मात्र चालू राहिली. १९४२ च्या चळवळीच्या वर्षी ती झाली नाही, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली.

१९४४ मध्ये अठरा वर्षांचा पॉली पारशी संघाकडून या स्पर्धेत उतरला. त्याच वर्षीचा अंतिम सामना हिंदू विरुद्ध मुसलमान. मुसलमानांपुढे २९८ धावांचं आव्हान होतं आणि त्यांनी ते एक गडी राखून पार केलं. के. सी. इब्राहिम सलामीला आला आणि नाबाद १३७ धावा करून परतला. आमचे दादा गिरणीत कामाला होते. त्यांच्या तोंडून हा आकडा मी इतक्यांदा ऐकला आहे, की पाढे पाठ होण्याआधी मला १३७ पाठ झाला होता. गिरणीत पाळी सुटली की लोक हॉटेलातल्या रेडिओपाशी थांबायचे, 'किते हुए रे?' एवढाच प्रश्न. दादा सांगायचे की त्या दिवशी खात्यातल्या हिंदू दोस्तांनी त्यांच्याकडून चहा वसूल केला. इतपत ती चुरस होती, चहापर्यंतची. मुंबईतही विजय मर्चंट हरल्यावर मुसलमान संघाच्या खोलीत जाऊन अभिनंदन करून आले होते. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत देशात जे व्हायचं होतं, त्याच्यापुढे ही चहाची पैज टिकण्यासारखी नव्हती. १९४६ मध्ये पंचरंगी स्पर्धा कायमची बंद झाली.

आता त्या दुसऱ्या प्रवाहाकडे येऊ. १९३५ मध्ये विद्यापीठांची स्पर्धा सुरू झाली, रोहिंटन बारिया चषकाची. बारिया नावाच्या एका पित्यानं आपल्या दिवंगत मुलाच्या नावानं तो चषक दिला. सुरुवातीच्या वर्षांत लाहोरच्या पंजाब विद्यापीठाचा जोर होता, पुढं मुंबई विद्यापीठानं वरचष्मा मिळवला. या सामन्यांना पंचरंगीसारखी गर्दी नव्हती. सकाळची लेक्चरं बुडवून आलेली पोरं आणि चार प्राध्यापक एवढाच प्रेक्षक. प्राध्यापक म्हणजे कमी समजू नका. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे दि. ब. देवधर यांनी महाराष्ट्राच्या संघाचं नेतृत्व करून १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक आणला, आणि तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. कालिदास शिकवून झाला की पॅड बांधणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, हे मला कवी म्हणून फार आवडतं.

विद्यापीठाच्या संघाची गंमत अशी, की तिथं निवड होताना अर्जावर कॉलेजचं नाव असायचं. पॉली बी.एस्सी. करत होता आणि मुंबई विद्यापीठाचा कर्णधार झाला. चार वर्षांपूर्वी त्याच्या संघातले अकराच्या अकरा पारशी होते. आता त्याच्या हाताखाली कोण खेळणार, हे परीक्षेचा फॉर्म कुणी भरला आहे यावर ठरणार होतं. अर्थात कॉलेजचा दरवाजा तरी सगळ्यांना कुठं उघडा होता? आमच्या दादांच्या खात्यातल्या किती जणांची पोरं त्या काळी बी.एस्सी.पर्यंत पोचली असतील? बोटावर मोजण्याइतकीच. फीच्या पावतीवर धर्माचा रकाना नव्हता, पण पावती फाडायला पैसे लागत होते. विद्यापीठाच्या क्रिकेटचं कौतुक करताना ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

अमेरिकेतही याच सुमारास कॉलेजच्या मैदानावर असलाच एक प्रश्न सुटत होता. त्यांचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून धावण्याचा खेळ, आणि तिथं कॉलेजच्या संघांचं वेड आपल्या कसोटी सामन्यांसारखं. १ जानेवारी १९४८ रोजी डॅलसच्या 'कॉटन बाउल' सामन्यात पेन स्टेट या कॉलेजनं वॉली ट्रिपलेट आणि डेनी हॉगर्ड हे दोन काळे खेळाडू उतरवले. त्या सामन्यात काळे खेळाडू त्याआधी कधी उतरले नव्हते. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. आपल्याकडे त्या महिन्याच्या ३० तारखेला गांधीजींचा खून झाला.

१९४८ चं सोलापूर कसं होतं, हे आजच्या तरुणांना सांगावं लागतं. शहराच्या पूर्वेला थोडं गेलं की निजामाची हद्द लागायची. रझाकारांच्या जाचानं पळून आलेली कुटुंबं सोलापुरात होती. १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींच्या सैन्यानं सोलापूरच्याच बाजूनं हद्द ओलांडली, नळदुर्ग घेतलं आणि पाच दिवसांत हैदराबादचा निकाल लागला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं केली. तो अहवाल कित्येक दशकं दप्तरात पडून राहिला. आमच्या घरी त्या महिन्यांबद्दल कुणी बोलत नसे. अब्बा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. त्यांना आठवायचं ते एवढंच, की संध्याकाळी बाहेर जायची बंदी होती आणि रेडिओचं हॉटेल गल्लीच्या तोंडाशीच असल्यामुळे तेवढी मुभा होती.

आणि या सगळ्यानंतर महिन्याभरात वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. पहिल्यांदाच. जॉन गोडार्ड कर्णधार, संघात जॉर्ज हेडली, एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट. दौऱ्याच्या सुरुवातीलाच, ऑक्टोबरमध्ये, त्यांची गाठ पडली संयुक्त विद्यापीठांच्या संघाशी. असे सामने पाहुण्यांना हातपाय मोकळे करायला दिलेले असतात. विद्यार्थ्यांनी फार तर शिकावं, अशी अपेक्षा. उम्रीगरनं नाबाद ११५ धावा काढल्या. उंचापुरा, रुंद खांद्यांचा मुलगा. पुढं वेस्ट इंडिजमध्येच त्याचं नाव 'पाम ट्री हिटर' पडलं, म्हणजे माडाच्या शेंड्यापर्यंत चेंडू उडवणारा. एका अर्थानं गांधीजींनी वर्ध्यात जे सुचवलं होतं, त्याला मैदानावर मिळालेलं हे उत्तर होतं. मोठ्या क्रिकेटचा रस्ता जिमखान्याच्या दारातून न जाता कॉलेजच्या दारातूनही जाऊ शकतो, हे या एका खेळीनं दाखवलं.

१० नोव्हेंबरला दिल्लीत पहिली कसोटी सुरू झाली. स्वतंत्र भारताच्या भूमीवरची ही पहिली कसोटी. फाळणीला सव्वा वर्ष झालेलं. लाला अमरनाथ कर्णधार आणि सलामीला के. सी. इब्राहिम, तोच नाबाद १३७ वाला. त्याच्या आदल्या हंगामात त्यानं कमाल केली होती. नाबाद २१८, नाबाद ३६, नाबाद २३४, नाबाद ७७ आणि मग १४४. म्हणजे बाद होईपर्यंत ७०९ धावा. मुंबईचा कर्णधार म्हणून १९४८-४९ च्या हंगामात रणजी करंडकही जिंकला. दिल्लीत वेस्ट इंडिजनं ६३१ धावांचा डोंगर रचला होता. इब्राहिमनं ८५ आणि ४४ धावा काढल्या, हेमू अधिकारीनं नाबाद शतक ठोकलं आणि सामना वाचला. अब्बा सांगायचे, हॉटेलात त्या दिवशी 'आपले किती झाले' असं सगळेच विचारत होते. 'आपले' या शब्दाचा अर्थ चार वर्षांत बदलला होता. कुणी जाहीर न करता बदलला होता.

९ डिसेंबरला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर दुसरी कसोटी. उम्रीगर संघात. वेस्ट इंडिज ६ बाद ६२९. भारताच्या पहिल्या डावात पॉली आठव्या क्रमांकावर आला आणि ३० धावा काढून गेला. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात रुसी मोदी आणि हजारे यांनी शतकं झळकावली, तीनच गडी बाद झाले, पॉलीची पाळीच आली नाही. आणि पुढच्या सामन्याला तो संघाबाहेर. संपूर्ण मालिकेत ही एकच कसोटी. विद्यापीठाच्या मुलाला देशानं एक डाव दिला आणि पुन्हा बाकावर बसवलं. तेव्हाचे निवडकर्ते घाईचे होते, हे माझं मत.

त्याच आठवड्यात पुण्यात एक अजब घडलं. १६ ते १८ डिसेंबरला पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी सामना होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. तेवढ्यात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की आता पुरे, आणि त्यांनी सामना सोडून दिला! संस्थानं विलीन होत होती, पण संस्थानिकांचा रुसवा विलीन झाला नव्हता. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. हे दुखणं महाराष्ट्राला अजून आहे.

कलकत्त्याची तिसरी कसोटी ३१ डिसेंबरला सुरू झाली. वीक्सनं दोन्ही डावांत शतकं काढली आणि सलग पाच कसोटी शतकांचा विक्रम केला. आपल्या बाजूनं मुश्ताक अलींनी ५४ आणि १०६ धावा काढल्या. पण सोलापूरच्या कानाला वेगळं ऐकू आलं ते दुसरंच एक नाव. हैदराबादचा गुलाम अहमद या सामन्यात पहिल्यांदा भारताकडून खेळला. साडेतीन महिन्यांपूर्वी ज्या शहराच्या दिशेनं आपल्या रस्त्यांवरून रणगाडे गेले होते, त्या शहराचा फिरकी गोलंदाज आता भारतासाठी चेंडू टाकत होता. वर्तमानपत्रांनी याचं काही भांडवल केलं नाही, आणि ते बरंच झालं.

मद्रासला आपण डावानं हरलो. तिथं वीक्स ९० वर धावबाद झाला, नाहीतर सहावं शतक होतं. शेवटची कसोटी पुन्हा मुंबईत, फेब्रुवारी १९४९. भारताला विजयासाठी ३६१ हव्या होत्या. हजारेंनी १२२ धावा काढल्या. शेवटी दत्तू फडकर आणि गुलाम अहमद खेळत होते, ३५५ झाल्या होत्या, सहा धावा हव्या होत्या, दोन गडी हातात होते. आणि घड्याळात अजून मिनिटभर वेळ असताना पंचांनी यष्ट्या उचलल्या! अब्बांच्या मते त्या पंचाला सोलापूरच्या हॉटेलात आणलं असतं तर चहा उधारीवरसुद्धा मिळाला नसता.

हंगामाचा शेवट मार्चमध्ये पुण्यातच झाला असं म्हणायला हरकत नाही. रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबई आणि महाराष्ट्र सात दिवस खेळत राहिले. चार डावांत मिळून २३७६ धावा, नऊ शतकं. महाराष्ट्रानं शेवटच्या डावात ६०४ धावा केल्या आणि तरी ३५४ धावांनी हरले. इतक्या धावा प्रथम दर्जाच्या कुठल्याच सामन्यात पुन्हा झाल्या नाहीत. आमच्यासारख्या अवर्षणग्रस्त भागातल्या माणसाला हे आकडे ऐकूनच धाप लागते.

मी स्वतः खेळाडू नव्हतो. बी.ए.ला असताना कॉलेजच्या संघाबरोबर जायचो ते स्कोअर लिहायला, कारण अक्षर बरं होतं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पाकिस्तानशी सामना असला की दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी खांद्यावर हात टाकून विचारायचं, 'काय, तुमचे जिंकले की.' विचारणारा हसत असायचा. मीही हसायचो. पण स्कोअरबुकात मात्र मला कधी 'तुमचे' आणि 'आमचे' असे रकाने दिसले नाहीत. पाहुणा संघ आणि यजमान संघ, एवढेच असतात. इब्राहिम त्या मालिकेतल्या चार कसोटींनंतर पुन्हा भारताकडून खेळला नाही. पुढं तो कराचीला गेला आणि २००७ मध्ये तिथंच वारला. दादांना तो गेल्याचं, म्हणजे देश सोडून गेल्याचं, कळलं तेव्हा ते काय म्हणाले, हे मी अब्बांना एकदा विचारलं होतं. अब्बा म्हणाले, काही म्हणाले नाहीत. फक्त १३७ चा आकडा सांगायचे बंद झाले. मी जन्मल्यावर पुन्हा सांगू लागले.

उम्रीगर परत आला. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध अधिकारी जखमी झाला म्हणून त्याला बदली घेतलं, त्यानं नाबाद १३० काढल्या आणि भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ट्रूमनच्या वेगापुढे सात डावांत अवघ्या ४३ धावा झाल्या. लोकांनी त्याला पळपुटा म्हटलं. पुढच्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजमध्ये त्यानं कसोटींत ५६० धावा काढल्या.

आणि मग नोव्हेंबर १९५५. न्यूझीलंडचा संघ आला होता. पहिली कसोटी हैदराबादला, फत्ते मैदानावर. भारताचा कर्णधार होता गुलाम अहमद, आपल्याच गावात. त्याच्या नेतृत्वाखाली सोलापूरच्या पॉलीनं २२३ धावा काढल्या. भारतीयानं कसोटीत काढलेलं ते पहिलं द्विशतक. विजय मांजरेकरनं ११८ काढल्या, कृपालसिंगनं पहिल्याच कसोटीत नाबाद १००, आणि ४ बाद ४९८ वर गुलाम अहमदनं डाव घोषित केला. पुढच्या, मुंबईच्या कसोटीला भारताचा कर्णधार पॉली उम्रीगर होता.